बोटभर पोकळी

टायर घासल्याचा आवाज एकदा कानात बसला की पुन्हा चुकत नाही. सरळ रस्त्यावर तो येतच नाही. गाडीत चार माणसं असावीत, तळघरातल्या पार्किंगमधून वर येणारा वळणाचा चढ असावा आणि स्टिअरिंग पार शेवटपर्यंत फिरवलेलं असावं, की मग पुढच्या चाकापाशी प्लास्टिकवर रबर ओढल्याची खरखर ऐकू येते. मागच्या चाकाचा आवाज निराळा. तो आखूड आणि जाड असतो, आणि त्यात पत्र्याची धार असते. पहिला आवाज लायनरचा, म्हणजे चाकावरच्या प्लास्टिकच्या अस्तराचा. दुसरा फेंडरच्या आतल्या दुमडीचा, आणि ती दुमड टायरची बाजू सुरीसारखी सोलत जाते.

बंगळुरूच्या दक्षिण टोकाला, होसूर रस्त्यालगत इलेक्ट्रॉनिक सिटी आहे. कर्नाटक सरकारच्या 'केओनिक्स' महामंडळाने १९७८ मध्ये कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूरु या गावांच्या ३३२ एकरांवर ती वसवायला घेतली. कल्पना महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांची. आता तिथे सांगली-सोलापूरपासून नागपूर-बेळगावपर्यंतची मराठी पोरं नोकरीला आहेत. पहिल्या दोन-तीन वर्षांच्या पगारातून छोटी गाडी येते, आणि ज्याला गाडीचं वेड आहे त्याची नजर लगेच एका ठिकाणी जाऊन अडकते. टायरचा माथा आणि त्यावरची पत्र्याची कमान यांच्यामध्ये चार-पाच बोटांची फट दिसते. कंपनीने ती सगळ्या रस्त्यांचा विचार करून ठेवलेली असते. वेड्याला ती खुपते. गाडी जमिनीलगत बसावी, चाकं रुंद असावीत, कमान भरून निघावी, असं त्याला मनापासून वाटतं. मग तो जे. सी. रोडवरच्या अलॉयच्या दुकानांत फिरतो, बुटक्या स्प्रिंगा शोधतो आणि फट दोन बोटांवर आणतो. पुढच्याच आठवड्यात तो आवाज येतो.

हौस पुरी झाली आणि तिच्यातूनच त्रास निघाला, हा अनुभव गाडीपुरता नाही. धर्मविचाराने हाताळलेल्या सर्वांत जुन्या प्रश्नांपैकी हा एक आहे: इच्छा आणि दुःख यांचं नातं काय? इच्छा आली म्हणजे घासणं आलंच का? याचं उत्तर मठात शोधायचं की गॅरेजात, असा विचार करणाऱ्याने आधी 'सुख' हा शब्द उघडून पाहावा. तो शब्द आधी रथाला लागत असे.

ऋग्वेदात 'सुख' हे विशेषण मनाला लावलेलं सापडत नाही. ते रथाला लागतं. सहज, वेगाने, अडखळल्याशिवाय धावणारा रथ तो सुख रथ. मोनिअर-विल्यम्स यांच्या १८९९च्या संस्कृत कोशात याची एक व्युत्पत्ती दिली आहे. 'सु' म्हणजे चांगलं आणि 'ख' म्हणजे चाकाच्या तुंब्यातलं भोक, ज्यातून आस जातो ते. भोक नीट असेल तर सुख, वाकडंतिकडं असेल तर दुःख. 'दुःख' शब्दाबद्दल त्याच कोशकाराचं मत मात्र थोडं वेगळं आहे. हा शब्द 'दुःस्थ', म्हणजे वाईट स्थितीत असलेला, या शब्दाचं प्राकृत रूप असणं अधिक संभवतं असं तो म्हणतो. यास्काने निरुक्तात 'ख' म्हणजे इंद्रिय असा अर्थ लावला आणि त्याचं मूळ खणण्यात शोधलं. डोळा, कान, नाक ही शरीरात खणलेली छिद्रंच. व्युत्पत्तीचा वाद अभ्यासकांनी चालवावा. पण सुख हा शब्द आधी रथासाठी वापरला गेला आणि मग माणसासाठी, एवढं कळलं तरी पार्किंगच्या चढावरचा तो आवाज वेगळा ऐकू येऊ लागतो.

मराठीला हे परकं नाही. बैलगाडीच्या चाकाला तुंबा असतो, आरे असतात, वरून लोखंडी धाव असते. धाव भट्टीत लाल होईपर्यंत तापवायची, फुगलेल्या अवस्थेत चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचं. ती आकसते आणि लाकूड आवळून धरते. तिथे फट चालत नाही. पण त्याच चाकाच्या पोटात, तुंबा आणि आस यांच्यामध्ये, फट लागतेच. फार ठेवली तर चाक डुगडुगतं, फार कमी ठेवली तर जळतं, आणि जी ठेवली तिच्यात वंगण भरावं लागतं. एकच चाक, एका ठिकाणी शून्य फट, दुसऱ्या ठिकाणी नेमकी फट. सुतार-लोहारांना हे हाताने कळत होतं. आपल्या भाषेनेही ते धरून ठेवलं आहे. चाकही कुरकुरतं आणि माणूसही. बाजारात घासाघीस होते, घरात कुरबुर होते. 'संघर्ष' या शब्दाचा मूळ अर्थ एकमेकांवर घासणं एवढाच आहे.

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात उपकोसल नावाच्या विद्यार्थ्याची गोष्ट आहे. सत्यकाम जाबालाकडे त्याने बारा वर्षं अग्नींची सेवा केली. बरोबरीचे सगळे शिकून घरी गेले, याला मात्र गुरूने काहीच सांगितलं नाही आणि एके दिवशी तो प्रवासाला निघून गेला. उपकोसलाने खाणं सोडलं. गुरुपत्नी जेव म्हणाली, तेव्हा तो म्हणाला की माणसाच्या आत नाना दिशांना ओढणाऱ्या इच्छा असतात, त्यांच्या व्याधींनी मी भरलो आहे, जेवणार नाही. मग ज्या अग्नींची त्याने सेवा केली तेच बोलले. प्राण ब्रह्म आहे, 'क' ब्रह्म आहे, 'ख' ब्रह्म आहे. तो म्हणाला, प्राणाचं समजलं. 'क' आणि 'ख' समजले नाहीत. 'क' म्हणजे आनंद, 'ख' म्हणजे आकाश, पोकळी. अग्नींनी सांगितलं की हे दोन वेगळे नाहीतच, जो आनंद तीच पोकळी आणि जी पोकळी तोच आनंद. शंकराचार्यांनी भाष्यात हे दोन शब्द एकमेकांना विशेषण म्हणून जोडले. नुसता 'क' घेतला तर तो विषयांचा क्षणिक आनंद ठरेल, नुसती 'ख' घेतली तर ती जड पोकळी ठरेल; दोन्ही एकत्र घेतल्याशिवाय अर्थ लागत नाही.

उपकोसल इच्छांनी भरलेला होता, आणि त्याला जे शिकवलं गेलं ते मोकळ्या जागेबद्दल होतं, हे इथे फार महत्त्वाचं वाटतं. भरलेल्याला पोकळीचा धडा मिळाला. इच्छा टाकून दे, असं अग्नी म्हणाले नाहीत.

गाडीच्या कमानीखालची पोकळी मोजता येते, हे तिचं मोठेपण. १८५/६५ आर १५ हा आकडा टायरवर असतो. रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिमचा व्यास १५ इंच. इंचाचे मिलिमीटर करून बेरीज केली तर चाकाचा एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर भरतो. आता १६ इंची अलॉय घ्यायचं आहे. १९५/५५ आर १६ घेतला तर व्यास ६२०.९, फरक अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. २०५/५५ आर १६ घेतला तर ६३१.९, म्हणजे टायरचा माथा कमानीच्या पाच मिलिमीटर जवळ गेला, आणि स्पीडोमीटरचा हिशेबही बिघडला. दुकानात दोन्ही टायर शेजारी लावले तर डोळ्याला फरक कळणार नाही. कमानीला कळतो.

आडव्या जागेचं गणित आणखी नाजूक आहे, कारण तिथे ऑफसेट येतो. चाकाच्या रुंदीची मधली रेघ आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. समजा, मूळ चाक ६ इंच रुंद आहे आणि ऑफसेट ४५ मिलिमीटर. नवं चाक ७ इंची, ऑफसेट ४०. एका इंचाचे २५.४ मिलिमीटर दोन्ही बाजूंना निम्मे वाटले जातात, १२.७ आणि १२.७. ऑफसेट पाचाने घटला म्हणून सगळं चाक पाच मिलिमीटर बाहेर सरकलं. परिणाम: बाहेरची कड १७.७ मिलिमीटर बाहेर आली, आतली कड ७.७ मिलिमीटर आत गेली. बाहेर फेंडरची दुमड वाट पाहत असते, आत शॉकअपची नळी. दोघांच्या मध्ये जेवढी जागा आहे तेवढीच आहे. ऑफसेट बदलून ती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेता येते, नवी निर्माण करता येत नाही. बाहेरून घासतंय म्हणून चाक आत घेतलं, आता आतून घासतंय, म्हणून हबवर स्पेसरची चकती टाकली, पुन्हा बाहेरून. कित्येकांचे महिने या येरझाऱ्यांत जातात. संसारात सुख शोधणाऱ्यांबद्दल संतांनी जी तक्रार केली ती हीच होती, की माणूस दुःखाची जागा बदलतो आणि त्याला सुटका म्हणतो.

चाकाच्या कारागिरीवरची एक गोष्ट अंगुत्तरनिकाय या बौद्ध ग्रंथात आहे आणि ती बुद्धाने वाराणसीजवळच्या ऋषिपतनात सांगितली. पचेतन नावाच्या राजाला सहा महिन्यांनी लढाईवर जायचं होतं. त्याने सुताराला रथाच्या चाकांची जोडी करायला सांगितली. सहा दिवस उरले तेव्हा एकच चाक तयार होतं. दुसरं त्याने उरलेल्या सहा दिवसांत केलं. राजा म्हणाला, मला दोन्हींत फरक दिसत नाही. सुताराने दोन्ही चाकं ढकलून दाखवली. सहा दिवसांचं चाक धक्का संपेपर्यंत गेलं, गोल फिरलं आणि पडलं. दुसरं धक्का संपल्यावर जणू आसाला लावलेलं असावं तसं उभं राहिलं. पडलेल्या चाकाच्या घेरात, आऱ्यांत आणि तुंब्यात वाकडेपणा राहून गेला होता. तो सुतार मीच होतो, असं बुद्ध शेवटी सांगतो. तेव्हा मला लाकडाचा वाकडेपणा ओळखता येत होता, आता काया, वाणी आणि मन यांचा ओळखता येतो.

या कथेतला राजाचा डोळा हा आपल्या सगळ्यांचा डोळा आहे. उभी गाडी सुंदर दिसते. फोटोत कधीच काही घासत नाही. सुताराने चाकाची परीक्षा ते उभं असताना केली नाही, ढकलून केली. आणि धक्का आहे तोवरही केली नाही, धक्का संपल्यावर केली.

गाडीचा धक्का म्हणजे गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शक पुस्तिकेत गतिरोधकाचं माप ठरलेलं आहे: १७ मीटर त्रिज्येचा कंस, ३.७ मीटर रुंदी, मध्यावर १० सेंटिमीटर उंची, ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडण्यासाठी. त्रिज्या माहीत असली की बाकीचं भूमितीतून निघतं. पुढच्या-मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर असलेली गाडी अशा गतिरोधकाच्या बरोबर माथ्यावर असेल, तेव्हा तिच्या पोटाखाली रस्ता फक्त ४४ मिलिमीटर वर येतो. खाली घेतलेल्या गाडीच्या पोटाखाली १२० मिलिमीटर उरले असतील तरी ती निवांत पार होते. पोट खरवडतं ते सोसायटीच्या फाटकापाशी रात्रीत ओतलेल्या सिमेंटच्या आखूड उंचवट्यावर, ज्याला कुठलीच त्रिज्या नसते. म्हणून खाली घेतलेल्या गाडीचा चालक तिरका जातो, एकेक चाक चढवतो. पोट वाचतं. पण तिरकं जाताना एकाच चाकावर सगळा दाब येतो, तेच चाक कमानीत सर्वांत खोल शिरतं आणि तेवढ्यात मागून तो जाड आवाज येतो. एक ओरखडा टाळण्याच्या धडपडीने दुसरा ओढवून घेतला.

चाक वर किती जाऊ शकतं यालाही हद्द आहे. स्प्रिंग बुटकी केली म्हणजे वर जायची वाट आखूड झाली. तोच धक्का निम्म्या अंतरात जिरवायचा असेल तर ढोबळ हिशेबाने स्प्रिंग चौपट कडक लागते, कारण स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा अंतराच्या वर्गाने वाढते. मूळ स्प्रिंगचे दोन वेढे कापून गाडी खाली आणणाऱ्याला कडकपणा त्या मानाने कमीच मिळतो, वाट मात्र बरीच जाते. शिवाय चाक लोंबकळलं की कापलेली स्प्रिंग जागा सोडू शकते. हा प्रकार करू नये. यात सौंदर्यही नाही आणि बुद्धीही नाही.

इलेक्ट्रॉनिक सिटीला सिल्क बोर्ड चौकाशी जोडणारा सुमारे दहा किलोमीटरचा उड्डाणमार्ग जानेवारी २०१० मध्ये खुला झाला. त्यावरून जाताना ठरावीक अंतराने चाकाखाली 'टक्‌टक्‌' होतं. ते प्रसरणाचे सांधे. काँक्रीट उन्हाने वाढतं, रात्री आकसतं. तीस मीटरचा तुकडा वीस अंशांच्या फरकाने सुमारे सात मिलिमीटर बदलतो. त्याला ती जागा ठेवली नाही तर तो स्वतःला तडकवून जागा करून घेतो. खाली घेतलेल्या गाडीतल्या माणसाला हे सांधे मणक्यात जाणवतात. ज्या पुलावरून तो जातो आहे तो पूलच मुळी मोजून सोडलेल्या फटींवर उभा आहे, हे त्या वेळी त्याच्या मनात येत असेल तर फार चांगलं.

इथे वैराग्याच्या बाजूने एक सरळ आक्षेप येतो आणि तो टाळणं बरोबर नाही. मुळात गाडी खाली घ्यायचीच कशाला? कंपनीने दिली तशी ठेवा. ना घासणं, ना गणित. धम्मपदाची पहिलीच गाथा, वाईट मनाने वागणाऱ्याच्या मागे दुःख येतं ते ओढणाऱ्या बैलाच्या पावलामागे चाक यावं तसं, असं सांगते. मग चाकाची हौस हेच दुःखाचं पाऊल मानायला काय हरकत आहे?

हरकत आहे, कारण कंपनीने दिलेली गाडीही कुणाच्या तरी इच्छेचंच माप आहे. कारखान्यातल्या अभियंत्याने पूर्ण वजन, पूर्ण वळण, खड्डा, चाकाला लागलेला चिखल हे सगळं धरून फट ठेवली. ती निसर्गाने दिलेली नाही. वैराग्याची गाडी कुठल्याच कारखान्यात बनत नाही. बुद्धाच्याच एका शिष्याची, सोणाची, गोष्ट आहे. चालत ध्यान करताना त्याच्या पायांतून रक्त येऊ लागलं, आणि बुद्धाने त्याला त्याच्या पूर्वायुष्यातल्या वीणेची आठवण दिली. तारा फार ताणल्या तर वाजत नाहीत, सैल सोडल्या तरी वाजत नाहीत. या गोष्टीवरून लोक 'मध्यम मार्ग' म्हणजे अर्धं-अर्धं असं समजतात. वीणा जुळवणारा दोन टोकांच्या बरोबर मध्यावर तार आणून सोडत नाही. तो कान लावून खुंटी पिळतो, आणि सूर लागतो ती जागा मध्यावर असेलच असं नाही. मूळ उंची आणि जमिनीला टेकलेली गाडी यांच्यामधली निम्मी उंची निवडणाऱ्याचाही टायर घासू शकतो. आणि मापात काम केलेल्या माणसाची गाडी निम्म्याहून खाली असूनही घासत नाही. चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, दीड अंशाने आत घेतला, फेंडरची दुमड हीट-गनने रंग गरम करून सावकाश सपाट केली, ऑफसेट हिशेबाने घेतला, चाकाला शेवटी अडवणाऱ्या रबरी बम्प-स्टॉपची लांबी जुळवली, की तिथेच जागा निघते. इच्छा तीच, फक्त तिच्यावर मेहनत झाली.

गाडी खाली आणि रुंद का हवी, याचं एक कारण दिसण्यापलीकडचं आहे. वळणावर बाहेरच्या चाकांवर किती भार सरकतो हे एका अपूर्णांकावर ठरतं: गुरुत्वमध्याची उंची भागिले दोन चाकांमधली रुंदी. गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर आणि चाकांत दीड मीटर अंतर धरू या. गाडी चार सेंटिमीटर खाली आणली, दोन चाकांमधलं अंतर तीन सेंटिमीटरने वाढवलं, तर हा अपूर्णांक साधारण नऊ टक्क्यांनी उतरतो. अंश कमी, छेद जास्त. खाली घेणं आणि रुंद करणं या एकाच इच्छेच्या दोन बाजू आहेत.

आणि हाच अपूर्णांक इलेक्ट्रॉनिक सिटीपासून काही किलोमीटरवर, आनेकल तालुक्यातल्या हुस्कूर गावी, उलटा उभा राहतो. तिथे मद्दूरम्मा देवीची जत्रा भरते. आसपासच्या गावांतून शंभर फुटांहून उंच रथ बैलांनी आणि ट्रॅक्टरांनी ओढत आणले जातात. गावागावाचा रथ वेगळा, आणि उंचीत गावाची भक्ती आणि गावाचा मान दोन्ही असतात. एप्रिल २०२४ मध्ये त्यातला एक रथ कोसळला. मार्च २०२५ मध्ये वाऱ्या-पावसात पुन्हा रथ कोसळले आणि त्यात जीवितहानी झाली. जिथे एक पिढी गाडी चार सेंटिमीटर खाली आणण्यासाठी झगडते, तिथेच दुसरी परंपरा देवीला आभाळाकडे नेते आहे. दोन्हींत प्रेम खरं आहे. भक्तीला उंची मागायचा अधिकार आहे, असं मनापासून वाटतं. पण वारा त्या अपूर्णांकाशी बोलतो, आणि रस्ता अरुंद, पाया लहान, उंची शंभर फूट अशा वेळी देवीच्या नावानेही छेद वाढत नाही. रथ ओढणाऱ्या, खाली उभ्या राहणाऱ्या माणसांची काळजी भक्तीतच धरली गेली पाहिजे. गावांनी मिळून उंचीची मर्यादा ठरवली तर देवीचा मान उणावत नाही.

मर्यादेचं बोलणं निघालं की कायदा येतो, आणि त्याच्या मागोमाग एक जुना तात्त्विक प्रश्न. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात निकाल दिला की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात आलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. चाकं बदललेली, खाली घेतलेली गाडी तीच गाडी उरते का, असं न्यायालयाने जणू विचारलं. असाच प्रश्न मिलिंद राजाला बौद्ध भिक्षू नागसेनाने विचारला होता. राजा रथातून आला होता. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? दांडी, जू, लगाम? प्रत्येकाला राजा नाही म्हणाला. सगळे मिळून? तेही नाही. मग रथ कुठे आहे? राजाला म्हणावं लागलं की हे भाग असतात म्हणून 'रथ' हे नाव चालतं, एवढंच.

नागसेनाच्या मताने गाडीला आत्मा नाही, तेव्हा चाक बदललं तर बिघडतं काय? इथे कायदा नागसेनाच्या विरोधात जात नाही, त्याच्या पुढे एक पाऊल टाकतो. नाव व्यवहारासाठी आहे हे मान्य. पण व्यवहार कुणाशी? पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेत एका नमुना गाडीचे ब्रेक, दिवे, टायर तपासले जातात आणि त्या तपासणीच्या भरवशावर त्या नावाच्या लाखो गाड्या रस्त्यावर येतात. समोरून येणारा स्कूटरवाला गाडी तपासत नाही. तो नावावर विश्वास ठेवतो. रथाचं नाव ही अनोळखी माणसांना दिलेली हमी आहे. ज्याला चाकं बदलायची आहेत त्याने उत्पादकाने त्या गाडीच्या वरच्या मॉडेलला दिलेल्या मापापाशी थांबावं, आणि पुढे जायचं असेल तर गाडी बंदिस्त ट्रॅकवर न्यावी, हे म्हणणं म्हणूनच कोरडं वाटत नाही.

फेंडरच्या बाहेर आलेलं चाक पावसाळ्यात शेजारच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर चिखल आणि खडी फेकतं. उंचवट्यावर तिरकी, मुंगीच्या पावलाने चढणारी गाडी मागे कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग उभी करते. अग्नींनी उपकोसलाला जी 'ख' सांगितली ती त्याच्या एकट्याच्या मालकीची नव्हती. आकाश कुणाचं नसतं आणि त्यामुळे सगळ्यांचं असतं. कमानीच्या आतली जागा मालकाची, तिच्याबाहेरची सगळ्यांची, आणि पत्र्याची ती कड ही या दोन आकाशांमधली रेघ आहे. आनंद आणि पोकळी एकच असतील, तर दुसऱ्याची जागा खाऊन मिळवलेली गोष्ट आनंद या नावाला पात्र आहे का, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे आणि होसूर रस्त्यावरच्या रोजच्या गर्दीचाही.

मग चाक नीट बसलं आहे हे कळायचं कसं? जाणता माणूस त्यासाठी गाडी सपाट जागेवर उभी करून बोटं घालत नाही. तो मुलांच्या खेळण्यातली मऊ माती आणतो. तिचे छोटे गोळे फेंडरच्या दुमडीवर, लायनरवर, शॉकअपच्या नळीवर चिकटवतो. एक पुढचं चाक जाड फळ्यांवर चढवतो, म्हणजे ते कमानीत खोल जातं आणि तिरक्या कोपऱ्यातलं मागचंही दाबलं जातं. मागच्या सीटवर तीन धट्टे मित्र, डिकीत सामान, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे, मग पूर्ण डावीकडे. फळ्या दुसऱ्या बाजूला नेऊन पुन्हा तेच. सगळे उतरले की तो जमिनीवर आडवा होतो आणि मोबाइलच्या उजेडात एकेक गोळा काढून व्हर्निअरने मोजतो. दबून पाच-सहा मिलिमीटर उरला असेल तर ठीक. कागदासारखा झाला असेल तर पुन्हा कामाला लागायचं. शेवटी तो ते आकडे वहीत लिहून ठेवतो, तारीख आणि टायरचं नाव घालून. सहा महिन्यांत नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात, आणि दुसऱ्या कंपनीचा त्याच मापाचा टायरही प्रत्यक्षात काही मिलिमीटर रुंद निघतो. टायर बदलले की माती पुन्हा मळायची.